इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी आणि पर्यावरणाचे भान

मोठा छेद न घेता, मनगटातील अथवा जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी सरकवून आजाराच्या जागी पोहोचणे, हे इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजी या शाखेचे कार्य होय. १९६४ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स डॉटर यांनी एका वृद्ध महिलेच्या पायातील अरुंद झालेली रक्तवाहिनी या मार्गाने रुंद केली आणि तिचा पाय वाचला. आज रक्तस्राव थांबविणे, यकृतातील गाठीचा रक्तपुरवठा बंद करणे, तुंबलेल्या मूत्रपिंडाला वाट करून देणे अशी अनेक कामे या शाखेत होतात. देणगीदारांच्या साहाय्याने चालणाऱ्या या सेवेचा पर्यावरणावर पडणारा भार जाणून घेणे, हेही आम्ही आपले कर्तव्य मानतो.

हा भार कचऱ्याच्या पिशव्यांतच असावा, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठीय रुग्णालयाच्या या विभागाचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कामाच्या पाच दिवसांत सुमारे २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू उत्सर्जित झाले. त्यांपैकी जवळजवळ निम्मा वाटा वातानुकूलनाचा होता आणि सुमारे चाळीस टक्के वाटा एकदाच वापरावयाच्या साहित्याच्या निर्मितीचा व वाहतुकीचा. कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा वाटा अत्यल्प होता. म्हणजेच कचरा नीट टाकण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, तो निर्माणच होऊ न देणे महत्त्वाचे ठरते.

वातानुकूलन सरसकट बंद ठेवता येत नाही. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा रुग्ण मध्यरात्री आला, तर खोली तत्काळ सज्ज असावीच लागते. परंतु खोली रिकामी असताना हवेचा प्रवाह व थंडावा सुरक्षित मर्यादेपर्यंत कमी करून, गरज पडताच तो पूर्ववत करणारी नियंत्रण यंत्रणा बसविता येते. तिच्यावरील खर्च पुढे विजेच्या देयकांतून भरून निघू शकतो.

साहित्याच्या बाबतीत नियम सोपा आहे : डॉक्टरांनी मागितल्याखेरीज वेष्टन फोडू नये. निर्जंतुक कॅथेटर किंवा गाइडवायर एकदा उघडली की ती न वापरताही वाया जाते आणि तिचा भुर्दंड रुग्णाच्या कुटुंबावर अथवा धर्मादाय निधीवर पडतो. ज्या वस्तूची मुदत आधी संपणार, ती आधी वापरणे हेही तितकेच आवश्यक आहे.

वेष्टनाचा स्वच्छ पुठ्ठा पिवळ्या पिशवीत गेल्यास तो विनाकारण जाळला जातो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार वापरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत जातात व निर्जंतुक करून पुनर्वापरासाठी पाठविता येतात. क्लोरीनयुक्त प्लास्टिक जाळल्यास डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणून हे वर्गीकरण काटेकोर हवे.

रक्तवाहिन्या चित्रात स्पष्ट दिसाव्यात म्हणून टोचले जाणारे आयोडिनयुक्त द्रव्य बहुतांशी जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते व नेहमीच्या सांडपाणी शुद्धीकरणातून पुरते निघत नाही. जर्मनी व नेदरलँड्समध्ये रुग्णांना मूत्रपिशव्या देऊन ते पाण्यात जाण्यापासून रोखण्याचे प्रयोग झाले आहेत. २०२२ मध्ये शांघायमधील टाळेबंदीमुळे तेथील कारखान्याचे उत्पादन घटले आणि अनेक देशांत या द्रव्याचा तुटवडा जाणवला. आवश्यक तेवढेच द्रव्य वापरणे रुग्णाच्या मूत्रपिंडांसाठीही हितावह असते.

या सर्व उपायांना एक मर्यादा आम्ही कटाक्षाने पाळतो. ज्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढेल वा उपचारास विलंब होईल, अशी कोणतीही काटकसर आम्हांस मान्य नाही. न फोडलेले प्रत्येक वेष्टन आणि वाचलेले विजेचे प्रत्येक युनिट म्हणजे पुढील गरजू रुग्णासाठी राखलेला निधीच होय. या कार्यात विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांचे सहकार्य लाभावे, ही नम्र विनंती.