डाळ का शिजत नाही?

एकाच शेतातील तूर. परंतु एका घरी तिची डाळ लवकर शिजून मऊ होते, तर दुसऱ्या घरी पुन्हा पुन्हा आधण घालूनही ती कच्चटच राहते. अशा वेळी वाणाला किंवा विकणाऱ्याला दोष दिला जातो. पुष्कळदा खरा दोष विहिरीच्या पाण्याचा असतो.

डाळीतील सूक्ष्म पेशी पेक्टिन नावाच्या द्रव्याने एकमेकींस चिकटलेल्या असतात. पाणी व उष्णता मिळाली की हे द्रव्य विरघळते, पेशी सुट्या होतात व डाळ मऊ पडते. जड पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. त्यांच्या संयोगाने पेक्टिन सहज विरघळेनासे होते व जळण व्यर्थ जाते. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, ते जड समजावे. उष्ण व दमट जागी फार दिवस साठविलेले कडधान्यही असेच निबर होते.

आंबटपणामुळेही पेक्टिन लवकर विरघळत नाही. म्हणून आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावरच घालण्याची चाल योग्य आहे. काही घरी चिमूटभर सोडा घालतात. त्याने डाळ लवकर शिजते हे खरे. परंतु तिच्यातील ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. त्यापेक्षा पुढील उपाय करावेत :

१. तूरडाळ अर्धा ते एक तास व अख्खे कडधान्य रात्रभर भिजत घालावे.

२. जड पाणी चुलीच्या वैलावर आधी उकळून निवू द्यावे. तळाचा पांढरा साका न हलविता वरचे पाणी घ्यावे. याने जडपणा काही अंशी कमी होतो. शक्य तेथे नदीचे किंवा स्वच्छ साठविलेले पावसाचे पाणी वापरावे.

३. उकळी येताच जाळ कमी करून झाकण ठेवावे. उघड्या भांड्यातील पाणी सुमारे १००° सेंटिग्रेडला उकळते. जाळ वाढविल्याने ते अधिक तापत नाही, केवळ त्याची वाफ होते. प्रेशर कुकरमध्ये मात्र उष्णतामान सुमारे १२०° पर्यंत चढते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याचे प्रात्यक्षिक अवश्य दाखवावे. एकच डाळ दोन सारख्या भांड्यांत, एकीकडे विहिरीचे व दुसरीकडे पावसाचे पाणी घालून, सारख्याच जाळावर शिजवावी. कोणती आधी शिजते हे गृहिणींनी स्वतः पाहिले म्हणजे वेगळे सांगावे लागणार नाही.