संथ बग्गीचा छुपा धोका

विशेष प्रतिनिधी, मुंबई

एकेकाळी चेंबूरच्या गोल्फ मैदानासारख्या मोजक्या जागी दिसणारी, बॅटरीवर चालणारी उघडी बग्गी आता उपनगरवासीयांच्या ओळखीची झाली आहे. सहारच्या विमानतळावर वृद्ध प्रवाशांना टर्मिनलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यासाठी ती वापरली जाते. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मोठ्या स्थानकांत फलाटांवरून तिच्या फेऱ्या होतात. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत जी विस्तीर्ण गृहसंकुले उभी राहिली, त्यांतील काहींमध्ये फाटक ते इमारत हे अंतर ज्येष्ठांना पायी कापावे लागू नये म्हणून बग्गीची सोय करण्यात आली आहे. धूर नाही, आवाज नाही आणि वेग सायकलपेक्षा थोडासाच अधिक, त्यामुळे या वाहनाची कोणाला भीती वाटत नाही. लहान मुलांना तर ते जत्रेतल्या खेळण्यासारखे वाटते.

हा समजच अपघाताला निमंत्रण देणारा आहे. बग्गीचे अपघात बहुतांशी टक्कर होऊन घडत नाहीत. वळणावर, उतारावर किंवा गाडी अचानक सुरू होताना प्रवासी तिच्यातून बाहेर फेकला जातो. संथ गती हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानून पट्टा, दरवाजा, परवाना, विमा आणि प्रशिक्षण या साऱ्यांना फाटा दिला जातो आणि दुखापत झाल्यानंतर जबाबदार कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वेळ येते.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अपघात अहवालात दुचाकी, रिक्षा, मोटार, बस, ट्रक असे रकाने असतात. गोल्फ कार्टसाठी स्वतंत्र रकाना नाही. शिवाय खासगी आवारात कोणी बग्गीतून पडले, तर ती घटना ‘घरगुती पडझड’ म्हणून रुग्णालयाच्या केसपेपरवर नोंदली जाण्याचीच शक्यता अधिक. त्यामुळे या वाहनाच्या धोक्याचा अंदाज घेण्यासाठी जिथे त्याचा वापर सर्वाधिक आहे, त्या अमेरिकेकडे पाहावे लागते.

ओहायो राज्यातील कोलंबस येथील बालरुग्णालयाच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९० ते २००६ या १७ वर्षांतील रुग्णालयीन नोंदी तपासल्या. या काळात अमेरिकेत गोल्फ कार्टशी संबंधित सुमारे १ लाख ४८ हजार दुखापतींवर तातडीच्या विभागांत उपचार झाल्याचा त्यांचा अंदाज आहे. १९९० मध्ये वर्षाला सुमारे ५,८०० असलेली ही संख्या २००६ मध्ये १३,४०० वर गेली, म्हणजे दुपटीहून अधिक झाली. जखमींपैकी जवळजवळ एकतृतीयांश १६ वर्षांखालील मुले होती. अपघाताचे सर्वांत मोठे कारण होते, गाडीतून पडणे किंवा उडी मारणे; त्याचा वाटा ३८ टक्के होता. गोल्फच्या मैदानावर मुलांचा फारसा वावर नसतो, हे लक्षात घेतले तर ही आकडेवारी अधिकच बोलकी ठरते. गाडी मैदानाबाहेर पडून वसाहतींत शिरली की तिच्यात बसणारी माणसे बदलतात, हा तिचा अर्थ आहे.

वळणावर नेमके काय होते?

बग्गीचा वेग सर्वसाधारणपणे ताशी २० ते २४ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग मोटारीत जाणवतही नाही. परंतु बग्गी फार लहान जागेत वळते. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीने सहा मीटर त्रिज्येचे वळण घेतले, तर प्रवाशाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्या बळाने बाहेरच्या बाजूला ढकलल्यासारखे वाटते. साठ किलो वजनाच्या माणसाला कोणीतरी बाजूने तीस किलोचा रेटा द्यावा, तसा हा अनुभव. मोटारीत हा रेटा दरवाजा आणि पट्टा झेलतात. बग्गीत बहुधा दोन्ही नसतात. असतो तो फक्त आसनाच्या कडेचा एक छोटा कठडा.

हा कठडा प्रौढ माणसाच्या कमरेचा विचार करून बसवलेला असतो. लहान मुलाचे पाय जमिनीला टेकत नाहीत, हात छताच्या दांडीपर्यंत पोहोचत नाहीत आणि कठड्यावर त्याचा तोल सावरत नाही. आसनावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण सव्वा ते दीड मीटर उंचीवर असते. सव्वा मीटरवरून खाली येणारी कोणतीही वस्तू जमिनीवर आदळताना ताशी सुमारे १८ किलोमीटरचा वेग गाठते. त्यात गाडीचा स्वतःचा वेग मिळाला आणि खाली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक असला, की ‘एवढ्याशा’ पडण्याचे रूपांतर कवटीच्या अस्थिभंगात होऊ शकते. गोल्फच्या मैदानावर पडणारा निदान हिरवळीवर पडतो. गृहसंकुलात ती सवलत नाही.

मागे तोंड करून बसण्याची आसने असलेल्या चार किंवा सहा आसनी बग्ग्यांत आणखी एक अडचण असते. गाडी झटक्याने पुढे निघाली की मागे तोंड करून बसलेला प्रवासी सरळ रस्त्याच्या दिशेने कलतो. त्याला गाडी कधी निघणार हे दिसत नाही आणि इंजिनाचा आवाज नसल्याने ऐकूही येत नाही.

उतार आणि पाऊस

अनेक बग्ग्यांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. सपाट मैदानावर तेवढे पुरतात. उतारावर मात्र गाडीचा भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि ज्या चाकांना ब्रेक आहेत तीच हलकी होतात. ओल्या फरशीवर जोरात ब्रेक दाबला तर मागची चाके जागीच अडकून घसरतात आणि गाडी आडवी फिरू शकते. मुलुंड, पवई किंवा बोरिवलीच्या डोंगरपायथ्याच्या संकुलांतील चढउतार, तळघरातील वाहनतळाकडे जाणारे रॅम्प आणि मुंबईचा चार महिन्यांचा पाऊस या तिन्ही गोष्टी गोल्फ कार्टची रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हत्या.

यात भर पडते ती जादा प्रवाशांची. चौघांच्या गाडीत सहा जण बसले की थांबण्याचे अंतर वाढते आणि वळणावर गाडी उलटण्याची शक्यताही वाढते. मागच्या सामानाच्या फळीवर उभे राहून जाणे हा सुरक्षारक्षकांचा आणि मुलांचा आवडता प्रकार तर सर्वांत घातक.

चालवायला सोपी, म्हणून अवघड

बग्गीला क्लच नाही, गिअर नाहीत. किल्ली फिरवावी, पुढे किंवा मागे जाण्याचे बटण निवडावे आणि पायाखालची कळ दाबावी, एवढेच. त्यामुळे ती कोणालाही चालवता येते असे मानले जाते. पण गाडी उभी असताना ती चालू आहे की बंद, हे आवाजावरून कळत नाही. चालक सामान उतरवायला खाली उतरला, किल्ली तशीच राहिली आणि पुढच्या आसनावरील मुलाचा पाय कळीवर पडला, तर गाडी निघते.

विजेवरील वाहनाची सवय हा स्वतंत्र विषय आहे, याचा धडा उपनगरांना फार मोठी किंमत मोजून मिळाला. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेला, कुर्ला-अंधेरी मार्गावरील बेस्टच्या ३३२ क्रमांकाच्या विजेवरील बसने पादचाऱ्यांना आणि वाहनांना चिरडत नेले. मृतांची संख्या पुढे नऊवर गेली. क्लच आणि गिअर नसलेली मोठी बस हाताळण्यासाठी चालकाला पुरेसे प्रशिक्षण मिळाले होते का, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला. बस आणि बग्गी यांच्या आकाराची तुलना होऊ शकत नाही. प्रश्न मात्र तोच आहे. ज्या सुरक्षारक्षकाच्या किंवा माळीकाम करणाऱ्या कामगाराच्या हाती बग्गीची किल्ली दिली जाते, त्याला ती चालवायला कोणी, किती दिवस शिकवले?

कायद्यातील फट

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेली विशेष वाहने वगळण्यात आली आहेत. बग्गी विकणारे आणि विकत घेणारे सहसा याच अपवादाचा आधार घेतात. व्याख्येतच न बसणाऱ्या वाहनाला नोंदणी नको, चालकाला परवाना नको, विमाही नको, असा हा हिशेब. २०१५ मध्ये ई-रिक्षांसाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद झाली, पण ती तीनचाकी वाहनांसाठी आहे. चारचाकी बग्गी तिच्यात मोडत नाही.

हा हिशेब वाटतो तितका पक्का नाही. बग्गी संकुलाच्या फाटकाबाहेर पडून समोरच्या रस्त्यावरील रिक्षाथांब्यापर्यंत गेली, की ‘केवळ आवारात’ हा आधार डळमळतो. आवाराच्या आतही स्थिती संदिग्धच आहे. विम्याच्या संदर्भात ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे काय, याचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस, त्या वेळच्या १९३९ च्या कायद्याखाली लावला होता. खासगी मालकीची असली तरी जिथे लोकांना प्रवेश आहे, मग तो मुक्त असो वा नियंत्रित, ती सार्वजनिक जागा होय, असा व्यापक अर्थ न्यायालयाने मान्य केला. दूधवाला, घरकामगार, पाहुणे आणि कुरिअर पोहोचवणारे दिवसभर जिथे ये-जा करतात, त्या संकुलाचा रस्ता या अर्थाने निव्वळ खासगी म्हणता येणे कठीण.

याचे परिणाम जखमी व्यक्तीला भोगावे लागतात. वाहन मोटार वाहन ठरले, तर तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा असतो आणि भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. २०२५ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार मोटार वाहनाच्या रस्त्यावरील अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. वाहन व्याख्येबाहेर राहिले, तर या दोन्ही वाटा बंद होतात आणि उरतो तो निष्काळजीपणाबद्दलच्या दिवाणी दाव्याचा लांबचा मार्ग. फौजदारी जबाबदारी मात्र कोणत्याही स्थितीत टळत नाही. निष्काळजी कृत्यामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि हे कलम आवार खासगी की सार्वजनिक, असा भेद करत नाही.

अमेरिकेने यातून एक मधला मार्ग काढला. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९९८ मध्ये ताशी ३२ ते ४० किलोमीटर वेगाच्या छोट्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला आणि त्यांना दिवे, आरसे, समोरची काच आणि प्रत्येक आसनाला पट्टा सक्तीचा केला. त्याहून संथ गोल्फ कार्ट या नियमाबाहेर राहिल्या. त्यांच्याबाबतचे निर्णय राज्यांवर आणि नगरांवर सोपवले गेले.

सोसायटीच्या हाती काय आहे?

कायदा स्पष्ट होण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे आणि त्याचा खर्च बग्गीच्या किमतीच्या मानाने किरकोळ आहे.

बग्गी कोण चालवणार, हे व्यवस्थापन समितीने लेखी ठरवावे. मोटारीचा परवाना असलेल्या, उतारावर आणि ओल्या रस्त्यावर सराव केलेल्या व्यक्तींचीच नावे त्यात असावीत. अल्पवयीन मुलांच्या हाती किल्ली कोणत्याही सबबीवर जाऊ नये. चालक खाली उतरला की किल्ली त्याच्या खिशात गेलीच पाहिजे.

गाडी घेतानाच पट्टे, बाजूच्या साखळ्या किंवा अर्धे दरवाजे, आरसे आणि मागे जाताना वाजणारा इशारा यांची मागणी करावी. चढउताराचे आवार असेल तर चारही चाकांना ब्रेक असलेली गाडीच घ्यावी. बहुतेक विजेवरील बग्ग्यांत कमाल वेग कमी करून घेता येतो. आवारात ताशी दहा किलोमीटर पुरेसे आहेत. याच वेगाने तेच सहा मीटरचे वळण घेतले, तर बाहेर ढकलणारा रेटा निम्मा नव्हे, एकचतुर्थांश होतो. एवढा मोठा लाभ देणारा दुसरा उपाय नाही.

लहान मुलांना मांडीवर घेऊन कडेला बसू नये. त्यांना दोन मोठ्यांच्या मध्ये, पुढे तोंड असलेल्या आसनावर बसवावे. आवारापुरत्या वापरासाठीही विमा कंपनीकडून उत्तरदायित्वाची पॉलिसी घ्यावी आणि त्यात प्रवासी व पादचारी दोघांचा समावेश आहे का, हे तपासून पाहावे. बॅटरी चार्ज करण्याची जागा हवेशीर असावी. शिसे-आम्ल बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि बंद तळघरात तो साठू शकतो.

पडल्यानंतर

बग्गीतून पडलेली व्यक्ती बहुधा लगेच उठून बसते आणि ‘काही झाले नाही’ म्हणते. डोक्याच्या दुखापतीत हाच काळ फसवा असतो. कवटीच्या आत रक्तस्राव होत असतानाही काही तास माणूस शुद्धीवर आणि बोलता-चालता राहू शकतो. पडल्यानंतर उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणे किंवा कान-नाकातून पाणी वा रक्त येणे यांपैकी काहीही दिसले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. त्या व्यक्तीची मान हलवू नये. वृद्धांच्या बाबतीत, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील तर, लक्षणांची वाट न पाहताच रुग्णालय गाठणे योग्य. जोगेश्वरीचे ट्रॉमा रुग्णालय, विलेपार्ल्याचे कूपर, घाटकोपरचे राजावाडी ही महापालिकेची रुग्णालये उपनगरांतच आहेत. डॉक्टरांना ‘घसरून पडले’ असे न सांगता ‘चालत्या वाहनातून पडले’ असे सांगणे महत्त्वाचे. त्यावरून तपासणीची दिशा ठरते आणि या अपघातांची नोंद व्हायलाही तिथूनच सुरुवात होते.

बग्गी ही ज्येष्ठांसाठी मोठी सोय आहे आणि ती बंद करावी, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांच्यासाठी ती आणली ते आजी-आजोबा आणि हट्टाने तिच्यात चढणारी नातवंडे, या दोघांचीच हाडे आणि डोकी सर्वांत नाजूक असतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत बग्गीच्या रंगाइतकीच चर्चा तिच्या पट्ट्यांची आणि ब्रेकची झाली, तर हा धोका बराचसा आटोक्यात येईल.