कॉम्प्युटरला ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणण्याआधी मोबाइलने पार्टिशनचा एक फोटो काढा

कॉम्प्युटर स्लो झाला, हँग व्हायला लागला की आपल्याकडे एकच उपाय. तालुक्याला न्यायचा आणि ‘फॉरमॅट मारून द्या’ म्हणायचं. दुकानदार विचारतो, ‘सी मध्ये काही आहे का?’ आपण म्हणतो, ‘नाही, सगळं डी मध्ये आहे.’ संध्याकाळी मशीन घरी येतं, चकाचक चालतं, आणि डी ड्राइव्ह उघडून बघावं तर रिकामा. लग्नाचे फोटो, डेअरीचा हिशोब, पोरांच्या दाखल्यांचे स्कॅन, सगळं गेलेलं.

दरवेळी यात दुकानदाराचाच हलगर्जीपणा असतो असं नाही. विंडोज टाकताना ‘कुठे इन्स्टॉल करायचं’ ही स्क्रीन येते, तिथे सी आणि डी ही नावंच दिसत नाहीत. दिसतं ते असं: ड्राइव्ह ० पार्टिशन १, पार्टिशन २, पार्टिशन ३... आणि पुढे साइज. दुकानात चार मशीन एकदम चालू असतात. दोन पार्टिशन सारख्याच साइजची असली तर चूक व्हायला एक क्लिक पुरतं.

पार्टिशन म्हणजे काय, हे शेतीच्या भाषेत लगेच कळतं. हार्ड डिस्क म्हणजे एक गट. त्याचे पाडलेले पोटहिस्से म्हणजे पार्टिशन. कोणता हिस्सा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला असते, तिला पार्टिशन टेबल म्हणतात. सी आणि डी हे बहुतेक घरांत एकाच डिस्कचे हिस्से असतात. म्हणूनच ‘डी मध्ये बॅकअप घेतलाय’ या बोलण्याला फारसा अर्थ नाही. डिस्क जळाली तर दोन्ही हिस्से एकदम जातात. बॅकअप म्हणजे मशीनच्या बाहेर, पेनड्राइव्हवर किंवा वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतलेली कॉपी.

दुकानात जाण्याआधी घरी पाच मिनिटं काढा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. कोणत्या डिस्कवर सी आहे, कुठे डी आहे, कोणाची साइज किती, हे सगळं पट्ट्यांच्या रूपात दिसेल. त्याचा मोबाइलने स्वच्छ फोटो काढा. आता ‘धिस पीसी’ मध्ये जाऊन डी ड्राइव्हला रिनेम करा आणि इंग्रजीत ‘डेटा’ असं नाव द्या. हे नाव इन्स्टॉलच्या स्क्रीनवर पार्टिशनच्या नंबरापुढे दिसतं. एवढ्यानेच अर्धा धोका टळतो. साइज वाचताना गोंधळू नका. ५०० जीबीची डिस्क कॉम्प्युटर ४६५ दाखवतो, १ टीबीची ९३१. मोजण्याची पद्धत वेगळी आहे, कोणी जागा चोरलेली नसते. १०० एमबी, १६ एमबी अशी बारीक पार्टिशनही दिसतील. ती विंडोजच्या स्वतःच्या कामाची असतात.

‘सगळं डी मध्ये आहे’ हेही एकदा तपासलेलं बरं. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर साधारणपणे सी मध्येच असतात. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली पीडीएफ फाइल डाउनलोड्समध्ये पडते. टॅलीचा डेटा, मराठी टायपिंगचे फॉन्ट हेही बहुतेकदा सी मध्येच. ग्रामपंचायत किंवा सेवा केंद्राचं मशीन असेल तर ही यादी कागदावर लिहूनच घ्या.

नव्या लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. अनेक लॅपटॉपमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर आधीपासून चालू असतं. ‘धिस पीसी’ मध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर कुलूप दिसलं तर समजावं. अशा वेळी सी फॉरमॅट झाला, डी ला हातही लावला नाही, तरी नवीन विंडोज डी उघडताना ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. आणि ते अकाउंट लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने कुठल्या ईमेलवर काढलं, हे घरात कोणालाच आठवत नाही! म्हणून फॉरमॅटच्या आधी सेटिंगमधून एन्क्रिप्शन बंद करा. ते पूर्ण उतरायला वेळ लागतो, तोवर चार्जर लावून ठेवा.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे जुन्या मशीनवर विंडोज ११ टाकायची घाई दिसते. ११ साठी निदान ६४ जीबीची डिस्क, ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं. जुन्या मशीनवर आणखी एक मेसेज येतो, तो मोठा घातकी. ‘डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे इन्स्टॉल होणार नाही.’ एमबीआर ही नोंदीची जुनी पद्धत, जीपीटी ही नवी. यावर झटपट तोड म्हणून काही जण काळ्या स्क्रीनवर ‘क्लीन’ ही कमांड देतात. तिने सी नव्हे, अख्ख्या डिस्कची नोंद पुसली जाते, म्हणजे डी सुद्धा. विंडोजमध्येच ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे. ते फाइली न घालवता पद्धत बदलून देतं, फक्त डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नसावीत. हे साधन वापरतानाही आधी बॅकअप हवाच.

मशीनला नवीन एसएसडी बसवली असेल तर जुनी हार्ड डिस्क इन्स्टॉल होईपर्यंत केबल काढून बाजूला ठेवायला सांगा. जी जोडलेलीच नाही ती पुसली जाणार कशी? २५६ जीबीची छोटी एसएसडी असेल तर तिचे सी-डी असे तुकडे पाडूच नयेत, पुढे सी भरतो आणि जागा वाढवता येत नाही. विंडोज फक्त लागून उजवीकडे असलेली मोकळी जागाच सी ला जोडतं. मध्ये दुसरं पार्टिशन आलं की ‘एक्स्टेंड’चं बटण दाबताच येत नाही.

आणि चुकून डी डिलीट झालाच तर? डिलीट केल्यावर नोंद जाते, शेतातलं पीक लगेच जात नाही. त्यावर नांगर फिरला की मात्र संपलं. म्हणून तिथेच थांबा, नवीन पार्टिशन करू नका, काही कॉपी करू नका, मशीन बंद करा. ‘टेस्टडिस्क’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर हरवलेली पार्टिशन शोधून परत बसवू शकतं, मात्र ते जाणकाराच्या हातून आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला डिस्क जोडून चालवावं. हे हार्ड डिस्कचं झालं. एसएसडीवर फॉरमॅट झालं तर ती पुसलेली जागा स्वतःहून लगेच साफ करायला घेते, तिथून फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी.