कर्नलचे अद्ययावतीकरण आणि साठवण ड्रायव्हरच्या समस्या : महाविद्यालयीन संगणक व्यवस्थेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयाचे दैनंदिन कामकाज आज संगणकावाचून चालणे जवळजवळ अशक्य झाले आहे. प्रवेशाची माहिती, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, वेतनपत्रके, ग्रंथालयातील देवघेव आणि मूल्यांकनासाठी जपून ठेवलेली कागदपत्रे हे सारे एखाद्या कपाटाएवढ्याही नसलेल्या सर्व्हरमधील दोन-चार हार्ड डिस्कवर साठविलेले असते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावरील शहरे मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. येथील महाविद्यालयांत स्वतंत्र संगणक अभियंत्याचे पद बहुधा नसते. संगणकशास्त्राचे एखादे प्राध्यापक व प्रयोगशाळा साहाय्यक मिळून ही व्यवस्था सांभाळतात. अशा ठिकाणी लिनक्स सर्व्हरचा कर्नल अद्ययावत केल्यानंतर संगणक सुरूच झाला नाही, तर ‘सर्व माहिती गेली’ असा समज होतो आणि घाईने नको ते उपाय केले जातात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा माहिती सुरक्षित असते. हरवलेला असतो तो तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग. हा मार्ग का हरवतो आणि तो पुन्हा कसा शोधावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कर्नल, ड्रायव्हर आणि प्रारंभाची प्रक्रिया :

कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा होय. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला लिनक्स कर्नल आज सर्व्हरपासून मोबाइलपर्यंत सर्वत्र वापरला जातो. संगणकाच्या प्रत्येक यंत्रभागाशी कर्नलला ज्या कार्यक्रमाच्या मध्यस्थीने बोलावे लागते, तो कार्यक्रम म्हणजे ड्रायव्हर. हार्ड डिस्क ज्या नियंत्रकाला जोडलेली असते, त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर म्हणजे साठवण ड्रायव्हर.

विद्युतप्रवाह सुरू झाल्यावर प्रथम बायोस किंवा यूईएफआय हा मदरबोर्डवरील कार्यक्रम जागा होतो. तो आपल्या अंगच्या क्षमतेने डिस्क वाचतो आणि ग्रब हा प्रारंभक स्मृतीत आणतो. ग्रब बायोसच्याच साहाय्याने कर्नल स्मृतीत आणतो व सूत्रे त्याच्या हाती देतो. या क्षणापासून बायोसची मदत संपते. यापुढे डिस्क वाचायची तर कर्नलजवळ स्वतःचा ड्रायव्हर हवा. परंतु बहुसंख्य ड्रायव्हर स्वतंत्र मॉड्यूलच्या रूपाने त्याच डिस्कवर ठेवलेले असतात. कपाटाची किल्ली कपाटातच राहावी, तसा हा पेच आहे.

तो सोडविण्यासाठी इनिट्रामएफएस ही योजना करण्यात आली. आवश्यक ड्रायव्हरांची ही एक लहानशी गाठोडी असते आणि ग्रब ती कर्नलसोबतच स्मृतीत आणून ठेवतो. कर्नल त्या गाठोडीतून साठवण ड्रायव्हर काढतो, डिस्क ओळखतो आणि मग मूळ फाइलव्यवस्था जोडून घेतो. येथे लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, प्रत्येक कर्नलची गाठोडी वेगळी असते. जुन्या कर्नलसाठी बांधलेली मॉड्यूल नव्या कर्नलला सहसा चालत नाहीत. लिनक्सच्या विकासकांनी वापरकर्त्याच्या कार्यक्रमांना स्थैर्याचे आश्वासन दिले असले, तरी कर्नलच्या अंतर्गत रचनेबाबत तसे आश्वासन दिलेले नाही. त्यामुळे कर्नल बदलला की साठवण ड्रायव्हरची संपूर्ण साखळी नव्याने जुळवावी लागते, आणि त्यातील एखादा दुवा निसटला की संगणक अडतो.

समस्येची प्रमुख कारणे :

१) अपूर्ण इनिट्रामएफएस : कर्नलच्या फाइली ज्या बूट विभागात ठेवल्या जातात तो पुष्कळदा लहान असतो. जुने कर्नल काढून न टाकल्यास तो भरून जातो. नवा कर्नल कसाबसा मावतो, परंतु त्याची गाठोडी तयार होत नाही किंवा अर्धवट राहते. अद्ययावतीकरण चालू असताना वीज गेल्यासही हेच घडते. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने जे भारनियमन अनुभवले, त्या काळातील प्रयोगशाळांना हा धोका वेगळा सांगण्याची गरज नाही. अशा वेळी पडद्यावर ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’, म्हणजे मूळ फाइलव्यवस्था जोडता येत नाही, असा संदेश दिसतो आणि कर्नल थांबतो.

२) डिस्कच्या नावातील बदल : पूर्वी आयडीई डिस्कला ‘एचडीए’ व स्कझी डिस्कला ‘एसडीए’ असे नाव मिळत असे. पुढे लिबएटीए या नव्या ड्रायव्हरसंचाने आयडीई डिस्काही आपल्या कक्षेत घेतल्या. मे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेडोरा ७ मध्ये हा बदल झाला आणि कालची ‘एचडीए’ आज ‘एसडीए’ झाली. ज्या संगणकांच्या फाइलतालिकेत जुने नाव लिहिलेले होते, ते डिस्क शाबूत असूनही तिला ओळखेनात. जुना आयडीई ड्रायव्हरसंच २०२१ मध्ये ५.१४ या आवृत्तीतून कायमचा काढून टाकण्यात आला. नावाऐवजी यूयूआयडी हा फाइलव्यवस्थेचा स्थिर ओळखक्रमांक वापरण्याची प्रथा याच अनुभवातून रूढ झाली.

३) जुन्या यंत्रभागांचा आधार काढून घेणे : महाविद्यालयांच्या दृष्टीने हे सर्वांत महत्त्वाचे कारण आहे. २०१९ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मधून अनेक जुन्या रेड व एसएएस नियंत्रकांचे ड्रायव्हर वगळण्यात आले. एलएसआय कंपनीची एसएएस २००८ ही चिप त्यांपैकीच एक. तिच्यावर आधारलेली कार्डे अनेक सर्व्हरांत बसविलेली होती. सेंटओएस ही रेड हॅटचीच विनामूल्य प्रतिकृती असल्याने तिच्या आठव्या आवृत्तीतही तेच झाले. सेंटओएस ७ वर सुरळीत चालणाऱ्या सर्व्हरवर आठवी आवृत्ती बसवू लागताच एकही डिस्क दिसेना. यंत्र बिघडलेले नव्हते, डिस्क सदोष नव्हती. केवळ ड्रायव्हर सोबत दिलेला नव्हता. फाइलव्यवस्थांच्या बाबतीतही असेच घडते. रायझरएफएस ही एकेकाळची लोकप्रिय फाइलव्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ६.१३ या कर्नलमधून वगळण्यात आली आहे.

४) बाहेरून आणलेले ड्रायव्हर : काही नियंत्रकांचा ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाही, तो उत्पादकाकडून घेऊन बसवावा लागतो. कर्नल बदलला की तो पुन्हा बांधावा लागतो. हे काम आपोआप व्हावे म्हणून डेल कंपनीच्या अभियंत्यांनी डीकेएमएस ही यंत्रणा विकसित केली. परंतु नव्या कर्नलच्या अंतर्गत रचनेत बदल झालेला असल्यास ही बांधणी फसते. तसेच सिक्युअर बूट चालू असल्यास मान्य स्वाक्षरी नसलेले मॉड्यूल कर्नल स्वीकारत नाही.

५) डिस्कचे स्थलांतर : एक संगणक बिघडला की त्याची डिस्क दुसऱ्यात बसविण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. रेड हॅट परंपरेतील ड्रॅकट हा कार्यक्रम इनिट्रामएफएसमध्ये सामान्यतः त्याच यंत्राला लागणारे ड्रायव्हर भरतो. साहजिकच वेगळ्या नियंत्रकाच्या यंत्रात ती गाठोडी अपुरी पडते. अशा प्रसंगासाठीच ग्रबच्या यादीत ‘रेस्क्यू’ हा पर्याय दिलेला असतो. त्याच्या गाठोडीत सर्वसाधारण ड्रायव्हर असतात.

ही समस्या केवळ लिनक्सची नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. विंडोज एक्सपी बसविताना एफ६ ही कळ दाबून फ्लॉपीवरून साटा ड्रायव्हर देण्याचा खटाटोप अनेक प्राध्यापकांना आठवत असेल. बायोसमधील आयडीई ही पद्धत बदलून एएचसीआय केल्यावर येणारा निळा पडदा आणि त्यावरील ७बी हा क्रमांक याच प्रकारात मोडतो.

निदानाची पद्धत :

संगणक अडल्यावर पहिला नियम असा की, डिस्कवर काहीही लिहू नये. कार्यप्रणाली पुन्हा बसविणे, रेड संच नव्याने तयार करणे किंवा फाइलव्यवस्था दुरुस्तीची आज्ञा देणे हे उपाय पहिल्या तासात वर्ज्य समजावेत. विशेषतः मदरबोर्डवरील रेडमध्ये दोन डिस्कांचे प्रतिबिंब ठेवलेले असेल आणि नव्या कर्नलला तो संच ओळखता आला नाही, तर दोन्ही डिस्का स्वतंत्र दिसू लागतात. त्यांपैकी एकीवरच लेखन झाल्यास दोन प्रतींत तफावत पडते आणि खरी प्रत कोणती, हा प्रश्न निर्माण होतो. ड्रायव्हरअभावी न दिसणारी माहिती परत मिळते. पुसून नव्याने मांडलेल्या डिस्कवरील माहिती मात्र बहुधा मिळत नाही.

दुसरी पायरी म्हणजे पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र घेणे. तिसऱ्या पायरीत ग्रबच्या यादीतून आधीचा कर्नल निवडावा. बहुतेक लिनक्स वितरणे किमान एक जुना कर्नल राखून ठेवतात. येथून निदानाच्या तीन वाटा फुटतात.

जुन्या कर्नलवर संगणक सुरू झाला, तर डिस्क, केबल व नियंत्रक ठीक आहेत आणि दोष नव्या कर्नलच्या जुळणीत आहे, हे सिद्ध होते. मग बूट विभागातील मोकळी जागा तपासावी, नियंत्रकाचा पीसीआय क्रमांक व सध्या वापरात असलेला ड्रायव्हर नोंदवावा, तो ड्रायव्हर नव्या कर्नलच्या मॉड्यूलांत आहे की नाही ते पाहावे, असल्यास इनिट्रामएफएस पुन्हा बांधावी आणि फाइलतालिकेत नावांऐवजी यूयूआयडी लिहावेत.

जुन्या कर्नलवरही संगणक सुरू होत नाही, परंतु बायोसला डिस्क दिसते, अशी स्थिती असल्यास पेन ड्राइव्हवरील लाइव्ह लिनक्सने संगणक सुरू करावा. तेथे डिस्क दिसल्यास ती केवळ वाचनासाठी जोडून प्रथम माहितीची प्रत घ्यावी व नंतरच दुरुस्ती करावी.

बायोसलाही डिस्क दिसत नसल्यास दोष यंत्रभागातच शोधावा. मग अद्ययावतीकरण आणि बिघाड यांची वेळ एकच असणे हा योगायोग ठरतो. अनेक महिने अखंड चालणारा सर्व्हर पुन्हा सुरू करताना दुबळी डिस्क बंद पडल्याचे आढळते.

नियंत्रकाचा ड्रायव्हरच वगळलेला असेल, तर तीन पर्याय उरतात : एलरेपोसारख्या प्रकल्पाने पुरविलेले स्वतंत्र मॉड्यूल बसविणे, तो ड्रायव्हर अद्याप देणारे दुसरे वितरण निवडणे किंवा नियंत्रक कार्ड बदलणे. पहिला पर्याय तात्पुरता समजावा, कारण पुढील प्रत्येक अद्ययावतीकरणात तीच चिंता कायम राहते.

अद्ययावतीकरण टाळावे काय?

‘चालते आहे तर हात कशाला लावायचा’ ही भूमिका वरवर शहाणपणाची वाटते. परंतु तिची किंमत मोठी आहे. २०१६ मध्ये उघडकीस आलेला ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ पासूनच्या कर्नलमध्ये होता. सामान्य खाते असलेल्या वापरकर्त्याला त्याद्वारे संपूर्ण संगणकाचा ताबा मिळविता येत असे. २०२२ मध्ये ‘डर्टी पाइप’ हा तशाच प्रकारचा दोष प्रसिद्ध झाला. ज्या सर्व्हरवर शेकडो विद्यार्थ्यांची खाती असतात आणि शेजारीच गुणांची नोंद असते, तेथे असा दोष उघडा ठेवणे परवडणारे नाही. शिवाय सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली असल्याने तिच्यावरील सर्व्हरांना स्थलांतर अटळ आहे.

याउलट, नवे ते सर्व निर्दोष असे मानणेही चूक ठरेल. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ प्रसिद्ध होत असताना ६.१.६४ या कर्नलमध्ये एक्स्ट४ फाइलव्यवस्थेतील माहिती दूषित करू शकणारा दोष आढळला. प्रकाशन थांबवून १० डिसेंबर रोजी सुधारित कर्नलसह १२.४ ही आवृत्ती द्यावी लागली. डिस्क न दिसण्यापेक्षा हा प्रकार अधिक गंभीर होता, कारण येथे माहितीलाच धोका होता. ग्रंथालयासाठी कोहा वापरणाऱ्या अनेक संस्थांचा सर्व्हर डेबियनवर चालतो, हे लक्षात घेता या घटनेचे महत्त्व सहज कळेल.

म्हणून अद्ययावतीकरण टाळण्याऐवजी त्याचे नियोजन करणे हाच योग्य मार्ग होय. परीक्षा व प्रवेशाचा काळ वगळून दिवस निश्चित करावा. प्रथम प्रयोगशाळेतील एका संगणकावर आणि काही दिवसांनी मुख्य सर्व्हरवर बदल करावा. मात्र दोन्हींचे नियंत्रक वेगळे असल्यास ही चाचणी अपुरी आहे, याची जाणीव ठेवावी. यूपीएसची बॅटरी तपासल्याखेरीज काम सुरू करू नये. जुना कर्नल काढू नये. नियंत्रकाचे नाव, पीसीआय क्रमांक, ड्रायव्हर आणि डिस्कांचे यूयूआयडी एका नोंदवहीत, कागदावर लिहून ठेवावेत, कारण अडलेल्या संगणकातील नोंद त्या वेळी वाचता येत नाही.

माहितीची प्रत दुसऱ्या ठिकाणी असणे ही शेवटची आणि सर्वांत भक्कम तटबंदी आहे. उल्हास नदीच्या खोऱ्यातील शहरांनी २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ चे पूर पाहिले आहेत. तळमजल्यावरील कार्यालयात सर्व्हर आणि त्याच्याच शेजारच्या कपाटात बॅकअपची डिस्क, ही रचना या परिसरात तरी स्वीकारार्ह नाही. तसेच ती प्रत वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष उलगडून पाहावी. न तपासलेली प्रत ही केवळ समजूत असते.

समारोप :

कर्नल बदलल्यानंतर डिस्क न दिसणे ही बहुतांशी ड्रायव्हर, नाव आणि इनिट्रामएफएस यांच्या जुळणीची समस्या आहे, माहितीच्या नाशाची नव्हे. नाश घडतो तो मुख्यतः त्यानंतरच्या घाईमुळे. हे ज्ञान एकाच प्राध्यापकाच्या किंवा साहाय्यकाच्या डोक्यात राहू नये. त्यांची बदली वा निवृत्ती झाली की व्यवस्था पोरकी होते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लिनक्स शिकविताना जुन्या संगणकावर इनिट्रामएफएस मुद्दाम बिघडवून तो पुन्हा सुरू करण्याचे प्रात्यक्षिक दिल्यास प्रारंभाची प्रक्रिया त्यांना कायमची समजेल. शिवाय प्रत्यक्ष अडचणीच्या दिवशी हात न कापता काम करणारे चार जण महाविद्यालयातच उपलब्ध असतील.