हात न लावता पारख

प्रदर्शनातल्या स्टॉलवर गिऱ्हाईक आधी वस्तू उचलतं, किंमत नंतर विचारतं. साडीचा पदर उलटा करून बघतं, चपलेत पाय घालून दोन पावलं चालतं, मातीचा कप हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतं. ऑनलाइन दुकानात यातलं काहीच करता येत नाही. हस्तकलेच्या दुकानदारांनी गेल्या वीस वर्षांत या अडचणीवर जे उपाय काढले, ते सगळे ‘लिस्टिंग’ नावाच्या एका पानावर साठत गेले. नाव, फोटो, वर्णन, मापं: त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना गिऱ्हाइकाच्या कुठल्या ना कुठल्या शंकेपोटी आला आहे.

ही गोष्ट सुरू होते जून २००५ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात. स्वतः लाकूडकाम करणाऱ्या रॉब केलिनने काही मित्रांबरोबर ‘एट्सी’ हा हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार उघडला. वस्तू मांडायला खर्च नगण्य होता. पुढे स्थिरावलेला दर वीस सेंटचा, आणि तेवढ्यात वस्तू चार महिने दुकानात राही. मांडणं सोपं झालं तशी गर्दी वाढली, आणि वस्तू चांगली असण्याइतकंच ती सापडणंही महत्त्वाचं ठरलं.

मग शीर्षकं लांबली. एट्सीवर शीर्षकाला १४० अक्षरांची मुभा आणि शोधासाठी तेरा टॅग. ‘निळा मातीचा कप’ एवढ्यावर भागेना. ‘मातीचा कप, कॉफी मग, निळा मग, आईसाठी भेट, गृहप्रवेशाची भेट’ अशी माळ ओवली जाऊ लागली. ही माळ माणसासाठी नव्हतीच, ती शोधयंत्रासाठी होती. अलीकडे वारं उलटं फिरलं. शीर्षक आटोपशीर ठेवा, वस्तू काय आहे ते आधी सांगा, भेटीचे प्रसंग टॅगमध्ये टाका, असा सल्ला आता खुद्द एट्सीच देते.

फोटोंचा प्रवास जास्त रंजक आहे. एके काळी एट्सीवर पाचच फोटो लावता येत, त्यामुळे प्रत्येकाला काम नेमून द्यावं लागे. पहिला नजर थांबवणारा, दुसरा आकार सांगणारा, तिसरा जवळून टाका किंवा पोत दाखवणारा. सावंतवाडीचा लाकडी आंबा नुसत्या पांढऱ्या कागदावर ठेवला तर तो सुपारीएवढा की खऱ्या आंब्याएवढा, हे कळत नाही. शेजारी तळहात आला की प्रश्न मिटतो. ही मर्यादा पुढे दहावर आणि नंतर वीसवर गेली. २०२० मध्ये पाच ते पंधरा सेकंदांच्या मूक व्हिडिओची सोय झाली. कापडाची सळसळ त्यात ऐकू येत नाही, पण ते कसं पडतं ते दिसतं.

पैठणीच्या बाबतीत तर एक फोटो पानभर वर्णनाला भारी पडतो: उलट्या बाजूचा. हातमागावर रंगीत धागे एकमेकांत गुंतवून नक्षी विणतात, म्हणून पदरावरचा मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसतो. यंत्रमागाच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. स्टॉलवर गिऱ्हाईक पदर उलटून जे शोधतं, तेच हा फोटो न विचारता दाखवतो.

वर्णनाची खरी परीक्षा एप्रिल २०२० मध्ये झाली. कोविडच्या साथीत अमेरिकेत कापडी मास्क वापरण्याचा सल्ला निघाला आणि त्या एका महिन्यात एट्सीवरून सुमारे १.२ कोटी मास्क विकले गेले. घाबरलेल्या गिऱ्हाइकाला सुंदर शब्द नको होते. कापडाचे थर किती, कानामागे इलॅस्टिक की बांधायची नाडी, नाकाशी तार आहे का, धुता येतो का, एवढंच हवं होतं. आजारापासून बचाव होईल, असा दावा करायला मात्र विक्रेत्यांना मनाई होती.

‘हाताने केलेलं’ म्हणजे काय, ही शंका तर जुनीच. २०१३ मध्ये एट्सीने बाहेरच्या कारखान्याची मदत घ्यायला परवानगी दिली आणि अनेक जुने कारागीर नाराज झाले. २०२४ पासून वस्तू विक्रेत्याने बनवली, तिची रचना केली, की ती नुसती निवडून आणली, हे लिस्टिंगवरच दिसू लागलं. कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर तेही वर्णनात लिहावं लागतं.

वस्तू कुठली, हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात तापला तो कोल्हापुरी चपलेवरून. २०१९ मध्ये तिला महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच धाटणीच्या चपला नुसत्या ‘लेदर सँडल’ म्हणून दाखवल्या. टीकेची झोड उठल्यावर कंपनीने मागची भारतीय प्रेरणा मान्य केली. मूळ गावाचा उल्लेख गाळला की काय होतं, ते त्या दोन शब्दांनी दाखवून दिलं.

भारतातल्या छोट्या विक्रेत्याकडे लिस्टिंग पोचली ती बहुतेक वेळा फोनवरून. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉगची सोय आली आणि घरून गोधड्या किंवा दागिने विकणाऱ्या बाईला वेबसाइटशिवाय फोटो, किंमत आणि वर्णन एकत्र मांडता आलं. मोठ्या संकेतस्थळांवर मात्र कागदपत्रांचा रेटा होता. तिथे विकायचं तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी सक्तीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक मर्यादेखालच्या विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली, पण राज्याच्या आतल्या विक्रीपुरतीच. त्यामुळे नोंदणी नसलेल्या येवल्याच्या विणकराला अशा संकेतस्थळावरून नागपूरची ऑर्डर घेता येऊ लागली, हैदराबादची नाही.