रडणारी मुलं आणि उघडं दार

कर्जत-खालापूर हा आमचा मुलूख शिबिरांचा. मे महिना लागला की इथली फार्महाऊस मुलांनी भरून जातात. कुठे संस्कार शिबिर, कुठे व्यक्तिमत्त्व विकास, कुठे योगासनं. मी शाळामास्तर, अशी शिबिरं मीही पुष्कळ घेतली. त्यामुळे मध्यंतरी खोपोलीला एका मित्राकडे ‘जीझस कॅम्प’ हा अमेरिकी माहितीपट पाहिला, तेव्हा तो वाटला होता तितका परका निघाला नाही.

हायडी युइंग आणि रेचल ग्रेडी या दोघींनी केलेला हा माहितीपट २००६ सालचा. उत्तर डाकोटा राज्यात डेव्हिल्स लेक इथे बेकी फिशर या धर्मोपदेशिका मुलांचं उन्हाळी शिबिर घेत. तिथे मुलं हात उंचावून, ओक्साबोक्शी रडत प्रार्थना करतात. अध्यक्ष बुश यांची पुठ्ठ्याची प्रतिकृती समोर ठेवून त्यांच्यासाठी प्रार्थना होते. गर्भपाताविरुद्ध बोलताना मुलांना गर्भाच्या इवल्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती दाखवल्या जातात. हॅरी पॉटर निषिद्ध. आणि एक लहानगा सगळ्यांसमोर कबूल करतो, की न दिसणाऱ्या देवावर विश्वास ठेवणं फार जड जातं.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याच सुमारास सॅम्युएल अलिटो यांची तिथल्या सर्वोच्च न्यायालयावर नेमणूक होत होती आणि माहितीपटात त्या बातम्या अधूनमधून येत राहतात. गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेणारा २०२२चा बहुमताचा निकाल याच अलिटो यांनी लिहिला.

गंमत म्हणजे या माहितीपटाला निवेदक नाही. फिशर यांना त्यातलं आपलं चित्रण खोटं वाटलं नाही. आपल्याला जे भयंकर दिसतं, त्याचाच त्यांना अभिमान होता. पुढे टीकेचा भडिमार झाला आणि ते शिबिर बंद पडलं.

आता ‘मूलतत्त्ववाद’ या शब्दाविषयी. आज आपण तो कुठल्याही धर्माला लावतो, पण ज्या इंग्रजी शब्दावरून तो आला, तो अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंटांमध्ये जन्मला. १९१० ते १९१५ या काळात ‘द फंडामेंटल्स’ नावाचे बारा खंड तिथे फुकट वाटले गेले. बायबल निर्दोष आहे, हा त्यांचा पाया. १९२० साली त्या मताच्या मंडळींना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव पडलं. शिबिरातली प्रार्थना मात्र पेंटेकोस्टल पंथाची. पवित्र आत्मा संचारतो, अनोळखी भाषा तोंडी येते, हा त्यांचा अनुभव. जुने फंडामेंटलिस्ट त्याला नाकं मुरडत. माहितीपट हा फरक सांगत बसत नाही.

आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या, अहिल्यानगरकडच्या, पिढीजात ख्रिस्ती. त्या म्हणाल्या, “मास्तर, आमचं चर्च असं नसतं हो. हे बघून लोक आम्हालाही त्यातच धरतील.” त्यांचं खरं होतं. माहितीपटात या शिबिरावर सर्वांत कडक टीका करणारा माइक पापांटोनियो हा रेडिओ निवेदकही ख्रिस्तीच आहे.

तरी अशी प्रार्थना महाराष्ट्राला अगदीच नवी नाही. कर्जतवरून घाट चढून पुण्याला गेलेले रूळ पुढे दौंडच्या वाटेवर केडगावला पोचतात. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. १९०५च्या जूनमध्ये तिथल्या मुली रात्र-रात्र रडून, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. एका मुलीला अंगात आग संचारल्यासारखं वाटलं आणि दुसरी बादलीभर पाणी आणायला धावली, असं त्या वेळच्या मिशनरी वृत्तांतात नोंदलं आहे. पेंटेकोस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचं नाव आवर्जून येतं.

मुलांच्या मनावर कोणी किती हात ठेवायचा, हा वाद तर त्याही आधीचा. रमाबाईंचं शारदा सदन पुण्यात असताना, १८९३ साली तो पेटला. धर्मोपदेश करणार नाही, असं त्यांचं वचन होतं. पण त्या स्वतः दार उघडं ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपणहून येऊन बसत. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. उघडं दार हे निमंत्रण समजायचं का? मला दोन्ही बाजूंचं म्हणणं कळतं. मात्र त्याच केडगावात दुष्काळातून आलेल्या मुली लिहायला-वाचायला, छापखाना चालवायला शिकल्या, हेही विसरता येत नाही. स्वतः रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतरही इंग्लंडमधल्या आपल्या धर्मगुरूंशी वाद घालणं सोडलं नव्हतं.

आता माझी गोष्ट. खालापूर तालुक्यातल्या एका वाडीत मी व्यसनमुक्तीचं शिबिर घेतलं होतं. शेवटच्या रात्री दिवे मालवले, मुलांना डोळे मिटायला सांगितलं, दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट सांगितली. मुलं हुंदके देऊ लागली. मग शपथ दिली. शिबिर झकास झालं म्हणून मी खूश होतो.

चार दिवसांनी एक आई शाळेत आली. “गुरुजी, पोरगा दोन दिवस जेवला नाय. बाप पिऊन आला तर जेवायचं नाय, अशी शपथ घेतलीय म्हणतो. बापाच्या दारूची शिक्षा पोराच्या पोटाला कशाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझा हेतू चांगला होता. तो फिशरबाईंनाही चांगलाच वाटत होता. अंधार, रडू आणि शपथ, ही माझी हत्यारं मात्र त्यांच्याहून फार वेगळी नव्हती. ‘शपथ नाही घेतली तर चालेल का?’ असं विचारायला मी एकाही पोराला जागा ठेवली नव्हती. त्यानंतर दिवे मालवून शपथ देणं मी बंद केलं.

येत्या सुट्टीत आपलं मूल कुठल्याही शिबिराहून घरी आलं, की त्याला ‘काय शिकलास?’ असं आपण विचारतोच. त्याच्या जोडीला ‘तू तिथे काय विचारलंस?’ हेही एकदा विचारून पाहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)