सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब

छत्तीसगढ आणि विदर्भ या शेजारी प्रदेशांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार बराच आढळतो. निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी गोल व लवचिक असते. या विकारात ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडे व सांधे असह्य दुखू लागतात. अशा पेशींचे पहिले वर्णन शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. भारतात त्यांची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत झाली.

तांबड्या रक्तपेशीची रुंदी सुमारे ७ मायक्रोमीटर असते. एका मिलिमीटरात अशा १४० पेशी ओळीने मावतील. ती पाहण्यासाठी संयुक्त सूक्ष्मदर्शक लागतो. 'संयुक्त' अशासाठी की त्यात भिंगांचे दोन संच एकामागून एक काम करतात. काचपट्टीजवळचे वस्तुभिंग पेशीची मोठी, उलटी प्रतिमा नळीत तयार करते. डोळ्याजवळची नेत्रिका त्या प्रतिमेला साध्या भिंगाप्रमाणे आणखी मोठे करते. वस्तुभिंग ४० पट आणि नेत्रिका १० पट असेल, तर एकूण वर्धन ४० गुणिले १०, म्हणजे ४०० पट होते. पेशी तिळाएवढी दिसते. प्रतिमा उलटी असल्याने नवशिका तंत्रज्ञ हमखास गोंधळतो: काचपट्टी उजवीकडे सरकवावी, तर चित्र डावीकडे पळते.

केवळ वर्धन वाढवून मात्र भागत नाही. ०.२ मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू प्रकाशाच्या तरंगस्वरूपामुळे एकच भासतात. म्हणूनच बहुतेक विषाणू या उपकरणाला दिसत नाहीत.

भिलाईचे स्मृतिनगर असो की विदर्भातील खेडे, तपासणीची रीत सारखीच. रक्ताच्या थेंबात सोडियम मेटाबायसल्फाइटचे द्रावण मिसळून वर पातळ काच ठेवतात व हवा शिरू नये म्हणून कडा बंद करतात. ऑक्सिजन घटला की काही वेळाने विळे दिसू लागतात.

परंतु असे विळे रुग्णाच्या रक्तात दिसतात तसेच केवळ वाहक असलेल्या, एरवी ठणठणीत माणसाच्या रक्तातही दिसतात. विवाह ठरविताना हा भेद मोलाचा असतो, कारण पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. रुग्ण कोण आणि वाहक कोण, हे सूक्ष्मदर्शक सांगू शकत नाही. त्यासाठी रक्ताची हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिससारखी चाचणी करावी लागते.